उशामागची भिंत

गल्लीत त्यांना टेस्टर म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं, आणि ते वाचून नवा टपालवाला हमखास भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा. इतरांच्या खिशाला पेन असतं तसा यांच्या खिशाला टेस्टर लावलेला. "लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. फोटोत नवरदेवाचा चेहरा थोडा हलला आहे, टेस्टर मात्र स्वच्छ आलाय.

चाळीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांची घरं उजळली. दवाखाना, पिठाची गिरणी, शाळेचं सभागृह, नाटकाच्या तालमीची खोली. जिथं जात तिथं एकच हट्ट: बोर्डापासून दिव्यापर्यंत वायर सलग पाहिजे. मधे जॉइंट चालणार नाही. "माणूस आणि वायर," ते म्हणत, "एकदा तोडून पुन्हा पिळून जोडले की कायम गरमच राहतात." यावर घरमालक हसत आणि चहा टाकत.

आणि त्यांचं स्वतःचं घर?

काम संपलं की वायरची शेवटं उरत. दोन हात, चार हात. घरमालक म्हणत, घेऊन जा, आम्हाला काय उपयोग. टेस्टर ती गुंडाळून घरी आणत. खालची खोली बांधली तेव्हा ही शेवटं भिंतीत गेली, स्वयंपाकघर काढलं तेव्हा गेली, वरचा मजला चढला तेव्हाही तीच गेली. शेवटाला शेवट पिळायचा, वर टेप गुंडाळायची, गिलावा थापायचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याची गल्लीभर अब्रू काढली असती. पण स्वतःच्या घराबाबत त्यांचा हिशेब साधा होता: हा जॉइंट माझ्या हातचा आहे, तो कशाला सुटेल? त्या काळी त्या वायरीवर दोन दिवे आणि एक पंखा. जॉइंटही बिचारे गप्प बसून होते.

मग बायकोच्या छातीनं दगा दिला. दोन वर्षांपासून तिच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घुमत होतं, आणि नाकातल्या नळीच्या आधारानं ती श्वास घेत होती.

वर नर्सबाई भाड्यानं राहत. एकट्या, स्पष्टवक्त्या. त्यांनी तीनदा सांगितलं, "काका, माझ्या खोलीतला बोर्ड हाताला गरम लागतो. जळकट वास येतो." तिन्ही वेळा टेस्टर वर गेले, स्क्रू आवळला, टेप मारली आणि म्हणाले, "आता बघा, शंभर वर्षं नाही बघायचं."

"शंभर वर्षांनी बघायला आहे कोण इथं?" नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला.

सोमवारी सकाळी तपासनीस दारात आली. पस्तिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात मोजमापाचं यंत्र. टेस्टर उंबऱ्यातच आडवे उभे.

"आधी ओळखपत्र."

तिनं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मी तपासणीभर सोबत राहणार."

"राहायलाच हवं. तुमचं घर आहे, तो तुमचा हक्क आहे."

"आणि जे काय दोष काढाल ते कारणांसकट लिहून द्यायचं. तोंडी काही चालणार नाही."

"तोही हक्कच आहे, काका. आता आत येऊ?"

ती आत आली, आणि टेस्टरांच्या चाळीस वर्षांच्या रुबाबाची पंधरा मिनिटांत माती झाली. पलंगाच्या खोलीत तिनं बोर्ड उघडला, भिंतीतून वायर नेणाऱ्या पाइपच्या दुसऱ्या टोकाचा डबा उघडला, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, इथून लाल वायर भिंतीत जाते आणि तिकडून पिवळी होऊन बाहेर येते. मधे काय रंगकाम करता का?"

पलंगावरून बायकोला हसू फुटलं आणि लगेच खोकल्याची उबळ आली.

यंत्राचा आकडा जिथं असायला हवा त्याच्या आसपासही नव्हता. तपासनिसानं उभ्याउभ्याच अहवाल लिहिला. वरच्या मजल्याची लाईन तिथल्या तिथं बंद करून सील केली. "खालचीही आत्ताच बंद करायला हवी," ती म्हणाली, "पण काकूंचं मशीन आहे म्हणून परवा सकाळपर्यंत थांबते. परवानाधारक ठेकेदाराकडून चाचणीचा दाखला आणा. ठेकेदार कोणता, ते तुम्ही ठरवा, आम्ही कुणाचं नाव सुचवत नाही. दाखला नसेल तर मीटर बंद."

"मीटर तुमचा, म्हणून माज?"

"मीटरपर्यंत आमचं. मीटरच्या पुढे सगळं तुमचं." ती शांतपणे म्हणाली. "वर भाड्यानं राहणाऱ्या बाईचा जीवसुद्धा त्यात आला."

तिनं सही करून कागद हातात दिला. मोठ्या तोऱ्यात मागितलेला तो कागद टेस्टरांनी न वाचताच घडी करून खिशात घातला.

दोन दिवस. अख्ख्या घराची वायर दोन दिवसांत बदलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भिंती फोडायच्या म्हणजे तीन आठवडे. धुळीत बायकोचा श्वास टिकला नसता. मशीन बंद ठेवावं तर तासाभरात ओठ निळे पडत. इस्पितळाचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करायची. तिथं तिनं मागच्या खेपेला एकवीस दिवस काढले होते, आणि शेजारच्या तीन खाटा रिकाम्या होताना पाहिल्या होत्या.

ते लायसनकडे गेले. लायसन म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. दोघं एकत्र परवान्याच्या परीक्षेला बसले, हा एकटा पास झाला, तेव्हापासून हेच नाव.

"सही ना? दे इकडे," लायसननं दाखल्याच्या कागदावर शिक्का मारला, सही केली. "आकडे तू भर. तुला माहीत आहेत कुठले चालतात ते."

"तू बघायला येत नाहीस?"

"अरे, तुझ्या घरात बघायचं काय? सुताराच्या घरी पाट मोजतात का?"

टेस्टरांनी मान डोलावली. हाच माणूस कालपर्यंत असं बोलला असता तर छाती फुगली असती. आज ते खाली बघतच निघाले.

मंगळवारी दुपारी ते पलंगाच्या कडेला बसले, मांडीवर पाट, पाटावर कागद, हातात पेन. आकडे भरायचे म्हणजे दोन रकान्यांपुरती शाई. पेन काही कागदाला लागेना.

"अहो," बायको म्हणाली. तिला दोन शब्दांनंतर थांबावं लागे. "काय लिहिताय?"

"दाखला."

"कसला?"

"घर चांगलंय, असा."

ती म्हणाली, "या भिंतीत... माझ्या डोक्यामागे... किती जोड आहेत?"

त्यांना आठवेना. पाइप टाकल्याचं आठवत होतं. तिनं गिलाव्याला पाणी मारलं होतं, तेही आठवत होतं. जोड आठवत नव्हते. तीन? पाच? त्यांनी सवयीनं भिंतीवर तळहात टेकला, जणू भिंतच सांगणार होती.

आणि भिंतीनं सांगितलं. भिंत गरम होती.

उन्हाची ऊब नव्हती ती. ती भिंत सावलीतली. तिच्या उशीपासून वीतभर अंतरावर, तव्याशेजारच्या ओट्यासारखी आतून तापलेली जागा. दोन दिवे आणि पंखा यांच्यासाठी पिळलेल्या त्या जोडांतून दोन वर्षं अखंड मशीन चाललं होतं. जे तिला जगवत होतं तेच तिच्या उशाशी निखारा धरून बसलं होतं. बंद करावं तर श्वास जातो, चालू ठेवावं तर घर पेटतं. टेस्टरांचा हात भिंतीला चिकटल्यासारखा राहिला.

"गरम आहे ना?" ती म्हणाली. "मला वाटलं... मलाच ताप आहे. चार महिने झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच केलंय ना... म्हणून."

ते उठले. कधी जिना चढले ते त्यांना कळलं नाही. अर्ज दिल्यापासून ते नर्सबाईंशी एक शब्द बोलले नव्हते. नर्सबाई अंधाऱ्या खोलीत खिडकीशी डबा खात होत्या.

"बाई, मला काही सुचत नाही," टेस्टर म्हणाले, आणि दारातच खाली बसले.

नर्सबाईंनी भिंतीचं सगळं ऐकून घेतलं. टोमणा मारायची संधी होती, मारला नाही. फक्त म्हणाल्या, "तो अहवाल कुठाय?"

त्यांनी खिशातून घडी काढून दिली. नर्सबाईंनी तो उलगडला, आणि मान हलवत मोठ्यानं वाचला: "रुग्णाच्या मशीनसाठी मीटरपासून स्वतंत्र तात्पुरती लाईन मागता येईल. नवी सलग वायर, वेगळा स्विच, अर्थिंग, परवानाधारकाची हजेरी. अर्ज केल्यास त्याच दिवशी तपासून देऊ." कागद खाली ठेवून म्हणाल्या, "काका, भांडून मागून घेतलात ना हा? मग वाचायचा पण असतो."

मग घरात धावाधाव झाली. नर्सबाईंनी खाली येऊन आधी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधे घेतला. इस्पितळातून ऑक्सिजनचे दोन छोटे सिलिंडर मागवले, नळी एकाला जोडली आणि मशीन बंद केलं. टेस्टरांनी वीज कार्यालयात फोनवर अर्ज सांगितला आणि लायसनला बोलावून घेतलं. तो कुरकुरत आला. त्याच्या हाताचा तळवा टेस्टरांनी धरून भिंतीवर टेकवला. शिक्का मारलेला कागद त्यानं स्वतःच मागून घेतला आणि फाडला.

दुकानातून वायरचं कोरं भेंडोळं आलं. मीटरपासून दारावरून, खिडकीच्या कडेनं, पलंगापर्यंत सलग, भिंतीच्या वरून, डोळ्याला दिसेल अशी. शिडीवर लायसन चढला, ते खालून वायर सोडत राहिले. पहिला सिलिंडर संपला. नर्सबाईंनी दुसरा लावला आणि घड्याळ काढून उशाशी ठेवलं. बायकोचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो मोजल्याशिवाय कुणालाच राहवत नव्हतं.

दुसऱ्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरल्यावर तपासनीस आली. तिनं यंत्र लावलं. या वेळी टेस्टर आकडा बघायला पुढे झाले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले.

"ही लाईन पास," ती म्हणाली.

मशीन घुमू लागलं. नर्सबाईंनी नळी बदलली. बायकोनं डोळे मिटले.

"आणि बाकीचं घर?" तपासनिसानं कागद पुढे केला. घरमालकाच्या रकान्यात टेस्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सर्व वायर बाद, बदलणे आवश्यक. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. नर्सबाईंच्या खोलीचं काम आधी, ही ओळही त्यांनी न सांगता घातली. मग उठून बाकीच्या घराचा मेन स्विच खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगाची खोली ओल्या चादरींनी बंद करून, लायसनच्या देखरेखीत, वरच्या मजल्यापासून भिंत फोडायचं ठरलं होतं. टेस्टर छिन्नी-हातोडी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले होते. लायसन म्हणाला, "चल, उठ. किती वेळ?"

"ती झोपलीय," टेस्टर म्हणाले. "उठू दे. मग मारू पहिला घाव."