गंजीत कोपरापर्यंत हात

भिकनआबांची पहिली भेट झाली ती त्यांच्या पाठीशी. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी कापसाची प्रत पाहणारा मदतनीस ग्रेडर म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथले जुने ग्रेडर आबा कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. मी नमस्कार केला. उत्तर नाही. समोर जाऊन पुन्हा केला, तर डोळे मिटलेले. शेवटी एका हमालाने सांगितले की आबांना आधी हात काढू द्या. हात काढल्यावर मात्र त्यांनी हसून माझे नाव, गाव, घरची माणसे, सगळे विचारले. म्हातारबुवा उभ्याउभ्या डुलकी काढतात, असे मी तेव्हा मनात म्हटले होते. त्या आगाऊपणाबद्दल आज जाहीर माफी मागतो.

यंत्रे सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गंजीत हात घालून आतला कापूस ओला किंवा गरम तर नाही ना, हे पाहण्याची आबांची रीत होती. बाकीच्यांना क्षणभर पुरे, आबांना नाही. हात आत असेपर्यंत मालकांनी हाक मारली तरी ते ओ देत नसत. चहासुद्धा बसून प्यायचे, कप खाली ठेवायचे, मगच बोलायचे. आम्ही पोरेसोरे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होते, पण त्यांनी कधी मनाला लावून घेतले नाही.

माझ्या मात्र पायाला भिंगरी. शिंदखेड्याकडून आम्ही मायलेक पोटापाण्यासाठी आलेलो. आई त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची. मला जळगावची मोठी नोकरी हवी होती आणि एका सकाळी मी तिथल्या फोनची वाट पाहत होतो. नेमकी त्या दिवशी आबांनी मोठी गंजी मला तपासायला सांगितली. एका हातात मोबाइल धरून मी दुसरा हात आत घातला, लगेच काढला आणि ठीक आहे म्हणून मोकळा झालो. बायका गंजीच्या सावलीला कामाला बसल्या. त्यांत आईही होती.

आबा आले आणि सवयीने त्यांनीही हात घातला. बराच वेळ उभे राहिले. मग आवाज न चढवता त्यांनी सगळ्या बायकांना फाटकापाशी जायला सांगितले आणि पाण्याचे पाइप मागवले. गंजी फोडली, तर पोटातला कापूस काळा पडून धुमसत होता. आदल्या संध्याकाळी एखाद्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी पडली असावी. वारा लागताच जाळ उठला, पण पाणी तयार होते. कुणाला साधा चटकाही बसला नाही. फाटकापाशी पदर सावरत उभी असलेली आई दिसली. मी लहान मुलासारखा रडलो.

गंजी कुणी तपासली होती, असे मालकांनी विचारले. "मी," आबा म्हणाले. नंतर त्यांनी मला शेजारच्या गंजीपाशी नेले, माझा हात कापसात घातला आणि आपल्या अहिराणीत विचारले, "तुना हात आठे शे. तू कठे शेस?"

हात इथे कापसात होता; मी कुठे होतो, तर जळगावच्या फोनपाशी.

जळगावचा फोन आला, पण मी गेलो नाही. आबांच्या हाताखाली राहिलो. पहिले काही महिने हाताला नुसती खाज कळायची. मग हळूहळू ओल कळू लागली, ऊब कळू लागली, बोटाखालची सरकी कळू लागली. एके दिवशी लक्षात आले की हात आत असताना आपण चक्क आनंदात असतो. काही मिळालेले नसते, तरी असतो. हे सुख शोधायला मी जळगावला निघालो होतो, याचे आजही हसू येते.

गेल्या आठवड्यात आबांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याचे सांगायला त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी शेजारी जागा करून दिली आणि आम्ही बसून राहिलो. उन्हे खाटेवरून भिंतीवर गेली. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता तोच जुना प्रश्न विचारला.

"आठेच शे, आबा," मी म्हणालो.

आबा, आपणांस निरोगी शंभरी लाभो, आणि तो प्रश्न विचारायला आपण सदैव आमच्यात असा. मोठी गंजी त्या दिवशी आधी कुणी तपासली होती, हे आईला अजून ठाऊक नाही. आपल्या सोहळ्यासाठी लिहिलेला हा लेख मीच तिला वाचून दाखवणार आहे. तिला काय बोलायचे ते ती बोलेल. मोबाइल बाजूला ठेवून, तिच्यापाशी बसून मी सगळे ऐकून घेईन.