शेतकरी असल्याचा पुरावा

आम्ही राहायचो ती रत्नागिरीजवळच्या एका आंबाबागेच्या कडेची चिऱ्याची कोठी होती. दोन खोल्या आणि मागे पडवी. आंब्याचा सीझन आला की पुढची खोली रिकामी करून द्यायची, कारण तिथे पेट्या आणि पेंढा यायचा. बारावीचा अभ्यास मी त्या पेट्यांवर बसून केला. हे कौतुक म्हणून सांगत नाही. पाठ मोडायची आणि केसांत पेंढा अडकायचा. आईला दारात शेवगा लावायचा होता, तर बागेच्या मालकांना विचारावं लागलं. ते नको म्हणाले नाहीत, नुसते हसले. शेवगा काही लागला नाही. कॉलेजच्या फॉर्मवर ‘घर स्वतःचे की भाड्याचे’ असा रकाना होता. आमचं दोन्ही नव्हतं.

आजोबांनी त्याच मालकांची भातशेती अर्ध्या वाट्याने केली. बाबांनी तीही केली आणि बागही राखली. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मनाशी ठरवलं, आईबाबांना कुणी सीझनला उठवणार नाही अशी जमीन घ्यायची, आणि ती आमच्या नावावर असली पाहिजे.

लांज्याच्या बाजूला एक एकर काजूची जमीन एजंटने दाखवली. मी सातबारा वाचला, फेरफार वाचले, मे महिन्यात विहिरीत पाणी आहे का ते बघून आले. वकील केला नाही. मला वाचता येतं, मग वकील कशाला? पदवीचा माज होता तो. एजंटकडे इसार देऊन मोकळी झाले.

दस्त लिहिणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, “शेतकरी असल्याचा पुरावा?”

“आमचे बाबा जन्मभर शेतीच करतायत.”

“सातबारा कुणाच्या नावावर?”

“मालकांच्या.”

“मग शेतकरी मालक झाले. तुम्ही कुठे?”

तो वाईट बोलला नाही. कायदाच तसा आहे, शेतजमीन घ्यायला कागदावर शेतकरी असावं लागतं. चिखलात जन्मलेल्या माणसाला आपण शेतकरी नाही हे सुचणार कसं? मला सुचलं नव्हतं.

एजंट म्हणाला, “मॅडम, एखाद्या बागायतदाराशी लग्न करा, सगळे प्रश्न सुटतील.” इसार त्याने परत केला नाही.

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव कूळ म्हणून लागलं असेल, तर कागदावर तोही शेतकरी ठरतो. घरी येऊन बाबांना विचारलं, आजोबांचं नाव कूळ म्हणून कधी लागलं होतं का?

“तलाठ्यानं विचारलं व्हतं,” बाबा म्हणाले. “तुझ्या आज्यानं सांगितलं, मी गडी हाय, कूळ नाय.”

“असं का सांगितलं?”

“मालकांचे वडील बाजूलाच हुभे व्हते ना गो.”

हे त्यांनी आजोबांच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून सांगितलं.

तरी बाबांना घेऊन मी मालकांकडे गेले. जुन्या पीकपाहणीत आमचं नाव कुठे सापडेल का, एवढंच विचारलं. मालक निवृत्त शिक्षक, बोलायला गोड.

“नाव नाही गं. पण अडलंय कुठे? माझ्या नावावर घे. पैसे तुझे, जमीन तुझी, कागदावर फक्त मी. आपल्यात काय परकेपण आहे?”

बाबा लगेच म्हणाले, “मालक सोताहून बोलतायत, घे गो बाय.”

मी नको म्हटलं. परत येताना वाटेत बाबांनी विचारलं, “शिकलीस म्हणून मानसावर इस्वास नाय काय तुझा?”

“आजोबांचा होता ना,” मी म्हटलं. “काय मिळालं?”

तो सगळा पावसाळा बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही.

बिनशेती प्लॉटला शेतकरी असण्याची अट नाही, हे मग कळलं. या खेपेला आधी वकील आणि मग जागा. दोन प्लॉट सोडून दिले. एकाचा सातबारा सामाईक निघाला. निम्मे हिस्सेदार मुंबईला, आणि त्यातला एक कुणाशीच बोलत नव्हता. त्याची सही आणणार कोण? दुसऱ्याला रस्ता नव्हता. “वाट पूर्वापार आहे,” विकणारा म्हणाला. नकाशात दाखवा म्हटलं, तर म्हणे, “नकाशात कशाला, तुमच्या पायाखालीच आहे की.” पुढच्या वर्षी शेजाऱ्याने त्या वाटेवर दगडांचा गडगा घालून ती बंद केली. तो प्लॉट ज्याने घेतला, तो आता कोर्टाच्या तारखांना जातो.

पालीच्या बाजूला तीन गुंठे मिळाले. बिनशेतीचा आदेश मूळ कार्यालयात जाऊन पडताळला. मोजणी करून घेतली. जुलैत भर पावसात जाऊन पाणी कुठे साचतं ते पाहिलं, कारण डिसेंबरात कोकणातली कुठलीही जागा चांगलीच दिसते.

आता ऑफिसातले लोक मला विचारतात, गुंतवणूक कुठे करू, भाव वाढेल का. मी आधी विचारते, तुम्ही कागदावर शेतकरी आहात का? ते हसतात. “अहो, आमची बाग आहे.” मग सातबारा काढतात आणि बाग अजून पणजोबांच्या नावावर निघते, चुलत्यांची पोरं धरून दोन डझन वारस. तरी त्यांचं हसू जात नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला सहन होत नाही. त्यांना जे फुकट मिळालंय ते नीट लावून घ्यायचेही कष्ट ते करत नाहीत. मग मी तोडून सांगते: एजंटच्या मोबाईलवरचा सातबारा धरू नका, ताजा काढा. ‘इतर हक्क’ रकाना वाचा. वकिलाआधी इसार देऊ नका. दुसऱ्याच्या नावावर काही घेऊ नका, तो कितीही गोड बोलो.

प्लॉटच्या कागदावर बाबांचंही नाव घालायचं होतं. ते म्हणाले, “माजा नको. मालकांना काय वाटंल?” मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही.

प्लॉटवर आम्ही चार खोल्या बांधल्या. दोनमध्ये आम्ही राहतो, दोन भाड्याने दिल्यात. जागा आईच्या आणि माझ्या नावावर आहे.