तुळशीखालची तार

निजामाच्या राजवटीतल्या शेवटच्या उन्हाळ्यात सोनपेठजवळच्या आमच्या गावात एकच रेडिओ होता, तोही आमच्या घरात चोरून ठेवलेला. सरकार काय दडपतंय ते गावाला त्यातूनच कळायचं. त्याची आवाज पकडणारी तार धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, बांबूला होती. वीज पडली तर जमिनीत उतरावी म्हणून दुसरी तार मी तुळशीखाली पुरली होती, कारण आईच्या रोजच्या पाण्यानं तिथली माती ओली राहायची.

मग आई गेली. सुतकात तुळशीचं पाणी बंद झालं.

"आत्या, माती वाळायलीय. तांब्याभर पाणी तर घालू दे."

"तारेपायी धरम बुडवतू का रे? गप बस!"

असल्या रूढींविरुद्ध मी पत्रकं काढली होती. त्या दिवशी तांब्या परत ठेवला.

वादळ येताच वरची तार रेडिओतून काढून जमिनीच्या तारेला जोडली. पण तारेवर वीज पडली ती कोरड्या मातीत मुरली नाही, शेजारच्या रेडिओवर उडाली. घरभर जळका वास सुटला. मला राग आला नाही, रडूही नाही.

संध्याकाळी नेहमीची माणसं बातम्यांना आली.

"रेडिओ जळाला," मी म्हणालो.

कुणी उठलं नाही. एकजण आईविषयी बोलायला लागला.