नाडी मोजून घेतलेली गाणी

माझ्या मावशीच्या छातीवर एक उलटं घड्याळ टाचलेलं असतं. नर्सचं असतं तसं, मान खाली घातली की वेळ सरळ दिसणारं. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी आंघोळ झाली की ती आधी घड्याळ टाचते आणि मग चहा ठेवते. यावरून तिची भरपूर चेष्टा व्हायची आणि चेष्टा करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. एका रविवारी गेले तर ती लॅपटॉपसमोर बसलेली, लॅपटॉपमधून कसलंसं फडतूस गाणं वाजतंय आणि ही टेबलावर दोन बोटं टेकवून, घड्याळाकडे बघत, ओठांतल्या ओठांत पुटपुटतेय.

"हे काय चाललंय?"

तिने हात वर करून मला गप्प केलं. गाण्याचा तुकडा संपल्यावर म्हणाली, "शहाण्णव. घ्यायला हरकत नाही."

ती गाण्याची नाडी बघत होती.

हे सगळं काकांसाठी चाललं होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान. वीज कंपनीत मीटर रीडर होते. घरोघरी जायचं, जिन्याखालचे आकडे टिपायचे आणि पुढे निघायचं, अशी तीस वर्षं ते एकटे चालले. एका घरी कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात गेले, तर इंजेक्शनं द्यायला मावशी. तेव्हा ती चौदा घ्यावी लागत. चौदाव्याला काकांनी लग्नाचं विचारलं आणि तेव्हापासून आजतागायत ते बायकोला "सिस्टर" म्हणतात. लग्नात भटजींसमोरही म्हणाले म्हणे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. हात थरथरायचे ते त्यांनी मनावर घेतलं नाही. पण पाय दगा द्यायला लागले. चालता चालता मध्येच, विशेषतः दारात, तळवे फरशीला चिकटवल्यासारखे थांबायचे आणि काही केल्या उचलायचे नाहीत. बाहेर जायचं तर कोणीतरी दंड धरायला हवा. ते त्यांना सोसेना. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये त्यांचे सगळे दोस्त बसतात, तिथे असं धरून आणलेलं दिसण्यापेक्षा त्यांनी केस कापणंच सोडलं. सलूनवाला म्हणाला, मी घरी येतो. त्यालाही वाटेला लावलं.

"जाईन तर एकटा जाईन. नाहीतर वाढू देत."

पाच महिन्यांत काका नाटक कंपनीतून पळून आलेल्या राजासारखे दिसायला लागले.

डॉक्टरांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती, की कधी कधी ताल ऐकू आला तर असे अडलेले पाय उचलतात. डॉक्टर सांगून विसरले असतील. मावशी विसरली नाही. तिने माझा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि मला म्हणाली, "गाणी कशी घेतात आणि कशी लावतात, एवढं शिकव."

मी चार रविवार शिकवलं आणि फार वाईट शिकवलं. मला धीर नाही. मी तिच्या हातातून माउस ओढून घ्यायचे, "हे बघ, असं, झालं," म्हणायचे आणि तिला काय झालं ते कळायच्या आत पुढे जायचे. ती मात्र मी गेल्यावर वही उघडून प्रत्येक मेनू एकेक करून उघडायची आणि त्यात काय आहे ते लिहून काढायची. पाचव्या रविवारी तिने गाण्यांच्या यादीत मला एक रकाना दाखवला. मी ते गाण्यांचं सॉफ्टवेअर आठ वर्षं वापरत होते आणि असा रकाना असतो हे मला ठाऊकच नव्हतं. एका मिनिटात गाण्याचे ठोके किती, ते त्यात लिहायचं. मावशी म्हणाली, "टेम्परेचर चार्टच आहे हा. फक्त रिकामा ठेवलाय त्यांनी."

मग ती भरत बसली. गाण्यांच्या त्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गाण्याचं अर्धं मिनिट फुकट ऐकायला मिळतं. माझ्यासारखे लोक त्यात चाल बघतात, आवाज बघतात. मावशीला अर्ध्या मिनिटात दोनदा नाडी मिळायची. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं आणि खात्रीसाठी पुन्हा पंधरा. आधी तिने काकांना घरातल्या घरात फिरवून त्यांचा आकडा ठरवला होता. नव्वदच्या खाली पाय अडतात, शंभरच्या वर ते धावत सुटतात आणि भिंत आली तरी थांबता येत नाही. म्हणजे ब्याण्णव ते अठ्ठ्याण्णव. त्यात बसेल ते गाणं घरात आलं. बँडवाल्यांचं संचलन आलं, लहान मुलांचं बेडकाचं गाणं आलं, एका दारुड्याचं रडगाणं आलं, भाषेचा पत्ता नसलेलं कुठलंतरी ढोलकीचं आलं.

काकांच्या नाकी नऊ आले. त्यांना आवडतात संथ, विरहाची गाणी. एक तर फार लाडकं, तरुणपणापासून गुणगुणायचे. मावशीने त्याचीही नाडी बघितली. चौसष्ट.

"हे नाही चालणार," ती म्हणाली. "यावर माणूस फक्त आडवा पडू शकतो."

"पण बेडकापेक्षा बरं आहे, सिस्टर."

"बेडूक शहाण्णव आहे."

एवढ्यावर काम भागेल असं मला वाटलं होतं. पण दोन गाण्यांच्या मधे दोन सेकंद शांतता असते आणि त्या दोन सेकंदांत काका स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या दारात थिजून उभे राहिले. मावशीने वही काढली, शोधलं आणि एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढत येईल अशी सोय हुडकून काढली. आता दोन ताल एकमेकांत घुसले आणि काका अडखळले. मग तिने ज्यांचा आकडा अगदी एकच आहे अशीच गाणी शेजारी शेजारी बसवली आणि कुठलं गाणं कितव्या सेकंदाला तोडायचं तेही लिहून ठेवलं. एखाद्या पार्टीत गाणी वाजवणारी पोरं पैसे घेऊन करतात ते काम माझी अडुसष्ट वर्षांची मावशी चष्मा नाकावर ओढून करत होती, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

माझी अक्कल अशी, की काकांना कंटाळा येत असेल म्हणून एकदा मी गाणी उलटसुलट लावायचं बटण दाबलं. शहाण्णवच्या मागून लॅपटॉपवर राहून गेलेलं माझं एक जुनं एकशे तीसचं आलं आणि काका सुसाट जाऊन कपाटावर आदळले. लागलं नाही, पण माझी बोबडी वळली. मावशीने त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघा दाबून बघितला आणि मग माझ्याकडे वळली.

"वॉर्डात औषधांच्या बाटल्या कोणी हलवलेल्या मला चालत नसत."

एवढंच बोलली. मी कानाला खडा लावला.

दोन महिने रोज घरात, मग गच्चीवर, मग गल्लीत. शेवटी एका मंगळवारी सकाळी दहाला काका एकटे सलूनला निघाले. फोनवर सहा गाण्यांची यादी होती. तिला मावशीने "केशकर्तन" असं नाव दिलं होतं. गाडीचा आवाज यावा म्हणून इअरफोन एकाच कानात, दुसरा कान उघडा. गल्ली, मग सिग्नल, मग झेब्रा क्रॉसिंग, की समोर सलून. सगळं धरून नऊ मिनिटं. मावशी मागे गेली नाही. गॅलरीतही गेली नाही, कारण मागे वळून बघितलं आणि ही दिसली तर त्यांना एकटं गेल्यासारखं वाटणार नाही. ती टेबलाशी घड्याळ बघत बसली.

ऑफिसात मला मात्र राहवेना. दहा वाजून सात मिनिटांनी मी काकांना फोन केला. उचलला नाही म्हणून लगेच पुन्हा केला.

फोन आला की गाणं थांबतं. आठ वर्षं ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मला हे त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली आणि तिसरा फोन करायची सोयच उरली नव्हती.

मावशीला फोन करून विचारायचंही धाडस झालं नाही. संध्याकाळी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे गेले. दार काकांनी उघडलं. डोकं स्वच्छ भादरलेलं, मानेवर पावडर. माझा जीव भांड्यात पडला आणि मी दारातच सगळं कबूल केलं.

"तू होतीस होय," काका म्हणाले. "मी रस्त्याच्या बरोबर मधोमध होतो. बेडूक बंद आणि मी खांबासारखा उभा. सिग्नलचे आकडे उतरतायत, एक टॅक्सीवाला बोंबलतोय."

"मग?"

"मग काय. इतके महिने ही बाई माझ्यासमोर बसून मोजतेय. एक, दोन, तीन, चार. जेवताना तेच, पेपर वाचताना तेच. कान किटले होते. गाणं बंद पडलं आणि आतून तिचं ते पुटपुटणं सुरू झालं. पाय आपोआप उचलला. मोठ्याने मोजत गेलो मग. लोकांना वाटलं असेल, म्हातारा चळला."

मावशी त्यांच्या मानेवरची पावडर पदराने पुसत होती. मी घाईघाईने म्हटलं, "मग मावशीचं मोजणंच रेकॉर्ड करून यादीत टाकूया ना. मी देते करून."

"नको," काका म्हणाले. "ते यंत्रात कशाला? मला पाठ आहे."

वॉर्डात चाळीस वर्षं काढलेल्या माझ्या मावशीला मी कधी रडताना पाहिलं नाही. तेव्हाही ती रडली नाही. पण आमच्याकडे पाठ करून ती लॅपटॉपसमोर बसली. मी खांद्यावरून डोकावले. ती दुकान उघडून त्यात काहीतरी शोधत होती. सापडलं, तसं तिने ते विकत घेतलं, घड्याळाकडे न बघता, अर्ध्या मिनिटाचा तुकडाही न ऐकता. मग ते "केशकर्तन"मध्ये सगळ्यांत शेवटी नेऊन ठेवलं.

दोन सूर वाजताच काकांनी ओळखलं.

"सिस्टर, हे चौसष्ट आहे. यावर चालता येत नाही."

"चालू नका," मावशी म्हणाली. "सलूनच्या खुर्चीत बसलात की ऐका."