शीतलचा फॉर्म मी भरला होता

मंडळी, आज दुपारी बारामतीत आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासमोर लाइट दुरुस्त करायला एक बाई खांबावर चढली. खालून एक आबा म्हणाले, "अगं पोरी, वायरमन कुठं हाय?"

ती वरूनच म्हणाली, "मीच हाय आबा. तुमी तेवढं लांब सरा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, शीतलला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. घरचे फॉर्म मीच भरतो, कारण माझी चूक होत नाही असं सगळे म्हणतात. मी तिला न विचारता पहिल्या पसंतीला शिवणकाम टाकलं. तिला तेच मिळालं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ती शेळगावला घरी, मी इथं खोलीवर एकटा.

संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. म्हणालो, "अशी बाई मी आधी कधी बघितलीच नव्हती गं, म्हणून तसं झालं."

"मी तरी कुठं बघितली हुती, दादा?"

मग तिनंच विचारलं, "त्या कुठं शिकल्या, विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. उद्या विचारतो म्हणालो. फॉर्म पुन्हा निघालेत, भरून देऊ का, असंही विचारलं.

"नको. माझा मीच भरीन," म्हणाली आणि फोन ठेवला.

तुमच्यापैकी कुणी घरातल्या माणसाचं असं परस्पर ठरवलंय का? पुढं बोलणं पहिल्यासारखं झालं का?