आधी पुस्तिका, मग बटण

देवाने माणूस घडवला पण सोबत छापील पुस्तिका दिली नाही, ही एकच तक्रार घेऊन आमचे धाकटे भाऊजी जन्माला आले असावेत. माझे दीर आहेत म्हणून सांगत नाही, पण अख्ख्या बऱ्हाणपुरात असा दुसरा माणूस सापडायचा नाही. घरात नवा मिक्सर आला की लोक चटणी वाटतात. भाऊजी चष्मा पुसतात. "उपकरण पाण्यात बुडवू नये," हे ते अशा आवाजात वाचून दाखवायचे, जसं काही आम्ही जावा-जावा मिक्सर तापीत विसळायला निघालो होतो! चटणी मग दुसऱ्या दिवशी. बरं, वस्तू इथेच गावात सिंधीपुऱ्यात मिळते, पण तिथे पुस्तिका हिंदीत. म्हणून स्वारी गाडीत बसून हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, रावेरला जाणार आणि दुकानदाराला आधी विचारणार, "मराठी पुस्तिका आहे ना? मग दाखवा पंखा." दसऱ्याला लोक यंत्रांना हळदकुंकू वाहतात, आमच्याकडे ते पुस्तिकांना. यंत्रं बिचारी कोपऱ्यात बघत बसतात.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी आपली आपणच शिकले, पण शिकले या पुस्तिकांवर. नवी नवरी असताना भाऊजी स्टोव्हची पुस्तिका पुढे सरकवत, "अडखळा वहिनी, पण वाचा." म्हणून तर अजूनही पाहुण्यांना निरोप देताना माझ्या तोंडून निघतं, "दार घट्ट बसल्याची खात्री करा."

मग त्यांची सून आली, मोबाइल घेऊन. "पप्पा, छोटा सा वीडियो है, बघून घ्या ना!" एकदा बसले बघायला. त्यातला माणूस आधी नमस्कार करतो, मग घंटी दाबा म्हणतो. भाऊजी म्हणाले, "देवळात घंटी वाजवली तर प्रसाद तरी मिळतो. हा तर अजून यंत्राला हातच लावत नाही! आणि मी अडलो तरी हा आपला पुढे पळतोय. कागद कसा, आपण थांबलो की थांबतो."

"वीडियो पण थांबवता येतो, पप्पा."

"इतकंच थांबायचं, तर लिहूनच का नाही देत?"



मागच्या वैशाखात आमच्या जसोंडीच्या मळ्यात ठिबकचं यंत्र बंद पडलं. मोटार सुरू होईना, मिस्त्री लग्नाला गेलेला, आणि केळी उन्हाने पानं टाकायला लागलेली. घड भरायचे दिवस. आणखी एक दुपार कोरडी गेली असती तर वर्षाची मेहनत गेली असती. सून मोबाइल पुढे करतेय, आणि भाऊजी पुस्तिका घेऊन उकिडवे बसलेले. कधी जवळ धरतात, कधी लांब, कधी उन्हाकडे. मी म्हटलं, "भाऊजी, केळी तुमच्या प्रस्तावनेसाठी थांबणार नाहीत हो!" तशी त्यांनी ठणठणीत आवाजात सुरुवात केली, "उपकरण पाण्यात बुडवू नये..."

मी वाकून पाहिलं. हातात मिक्सरची पुस्तिका होती.

साखरेने डोळ्यांचा पडदा गेलाय, असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. भाऊजी घरात कुणाला बोलले नव्हते, आम्हाला ते नंतर कळलं. सगळं पाठ म्हणून दाखवत होते. सुनेनेही पाहिलं. तिने गुपचूप मोबाइल बंद केला. मी त्यांच्या पुस्तिकांच्या पिशवीतून ठिबकची पुस्तिका शोधली आणि म्हटलं, "माझा आवाज मोकळा आहे. मी वाचते, तुम्ही हात चालवा."

त्यांनी मिक्सरची पुस्तिका मिटून खिशात घातली. मग म्हणाले, "पहिल्या पानापासून. सूचना गाळायच्या नाहीत."

मी अडखळत वाचलं, त्यांनी चाचपून जाळी काढली, धुतली, बसवली, बटण दाबून धरलं. मोटार गुरगुरली. केळीच्या बुडाशी थेंब पडू लागले, तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते.

आता मी पुस्तिका वाचते आणि सून ते मोबाइलमध्ये भरून ठेवते. भाऊजी ओट्यावर बसून ऐकतात. दर वाक्याला थांबवतात, मान हलवतात, पुढे जातात. परवा मात्र तक्रार आलीच, "वहिनी, वाचता छान, पण पान उलटल्याचा आवाज येत नाही. कळणार कसं, कुठवर आलो ते?"

तेव्हापासून मी पान अगदी मोबाइलच्या तोंडाशी नेऊन उलटते. जरा जोरातच.