मिस पर्लचे गुरुवार

मिस पर्ल हजेरी घ्यायच्या ती न्यायाधीश निकाल वाचतो तशी. वर्गात आम्ही मोजून अकरा जण, पण प्रत्येकाला मिस्टर, मिसेस किंवा मिस लावून, पूर्ण आडनावासकट पुकारा व्हायचा. इंग्लंडात आल्यापासून बारा वर्षं मी 'मिसेस डी' होते. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टपासून मुलाच्या हेडमास्तरीणबाईंपर्यंत सगळ्यांनी "ओह, आय वोन्ट इव्हन ट्राय!" असं गोड हसून माझ्या आडनावाला लांबूनच नमस्कार केला होता. मिस पर्लनी मात्र पहिल्याच दिवशी मला वर्गानंतर थांबवून घेतलं आणि 'देवस्थळी' जमेपर्यंत घोकलं. त्यांचं वय तेव्हा शहात्तर होतं.

"तीस वर्षं मी हॉस्पिटलात बेडपॅन धुतले, मिसेस देवस्थळी," त्या म्हणाल्या. "कालची पोरं डॉक्टर होऊन यायची आणि मला म्हणायची, पर्ल, डार्लिंग, जरा हे उचल. माझ्या कॉलेजात कुणी कुणाची डार्लिंग नाही."

त्यांचं कॉलेज म्हणजे बर्मिंगहॅममधल्या एका चर्चमागच्या दोन खोल्या आणि एक किटली. साठ वर्षांपूर्वी जमैकाहून आलेली माणसं मोठ्या भक्तिभावानं इथल्या चर्चमध्ये गेली. तिथल्या पाद्र्यानं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, तुम्ही आलात, फार आनंद झाला, पण पुढच्या रविवारी नाही आलात तर आणखी आनंद होईल. इंग्रज माणूस हाकलताना सुद्धा आभार मानतो. मग या लोकांनी स्वतःचं चर्च काढलं, आणि पोरांना कॉलेजं दारात उभी करीनात तेव्हा त्याच चर्चमागे कॉलेजही काढलं. मिस पर्ल तिथल्या रजिस्ट्रार, गणिताच्या बाई आणि किटलीच्या प्रमुख होत्या. अपूर्णांक शिकवताना कुणी रडकुंडीला आलं की म्हणायच्या, "एकेक अळकुडी टाकत गेलं की टोपली भरते." थेंबे थेंबे तळे साचे हे तत्त्वज्ञान फक्त आपल्याकडेच आहे, अशी माझी तोवर समजूत होती.

मी तिथे कशी पोचले? माझी सांगलीची बी.कॉम.ची पदवी इथे चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या लायकीची ठरली होती, आणि मला नर्स व्हायचं होतं. माझे यजमान भूलतज्ज्ञ आहेत. ते या विषयावर बोलायला लागले की त्यांच्या व्यवसायाचा परिणाम घरीही जाणवायचा. मोठ्या कॉलेजांनी माझे अर्ज अतिशय नम्रपणे केराच्या टोपलीत टाकले. मिस पर्लनी अर्ज न बघता विचारलं, "जेवलीस का?" प्रवेश देईपर्यंत त्या प्रत्येकाला लेकरासारखं वागवत, प्रवेश दिल्यावर मिस्टर-मिसेस म्हणून मान देत. वर्गात मी सोडून सगळे काळे होते, आणि मी वेगळी आहे हे पहिल्या आठवड्यानंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

माझ्या मात्र राहिलं. मराठी मंडळात मी "युनिव्हर्सिटीत एक कोर्स करतेय" एवढंच सांगितलं होतं. आमचं मंडळ अत्यंत पुरोगामी आहे. "आपण रेसिस्ट नाही हं, पण त्या एरियात कार पार्क करू नये," असं तिथे दर पिकनिकला ठरतं. मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर मीनलताई. त्यांच्याबरोबर एका शनिवारी मी बाजारात कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात समोरून खणखणीत हाक आली, "मिसेस देवस्थळी!"

मिस पर्ल. हातात रताळ्यांची पिशवी, डोक्यावर जांभळी हॅट.

"कोण गं ह्या?" मीनलताईंनी विचारलं.

समोर इंग्रजी बोलणारं माणूस असताना मराठीत बोलणं असभ्यपणाचं. म्हणून मी अगदी सभ्यपणे, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "ही आमची पर्ल. क्लीनिंगला येते. थर्सडेला."

जीभ झडली असती तर बरं, असं मला त्याच क्षणी वाटलं. पण अशा वेळी जिभा झडत नाहीत. मिस पर्लनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मीनलताईंना मान लवून त्या म्हणाल्या, "येस, मॅडम. थर्सडेला," आणि निघून गेल्या.

सोमवारी मी वर्गाआधीच त्यांना गाठलं आणि सॉरी म्हणाले. "सॉरी हा शब्द या देशात पाय न हलवता म्हणतात," त्या म्हणाल्या. "मला त्याचा उपयोग नाही. तुमचा पत्ता द्या."

गुरुवारी दुपारी तीनला त्या दारात उभ्या होत्या. हातात बादली, एप्रन, फडकं. मी हातापाया पडले. त्या शांतपणे कोट अडकवत म्हणाल्या, "नर्सिंगच्या अर्जाबरोबर माझं शिफारसपत्र जायचं आहे. त्यात मला लिहावं लागेल की ही विद्यार्थिनी खरं बोलते. तुम्ही सांगितलंत की मी गुरुवारी तुमच्याकडे साफसफाई करते. मी खोटं लिहिणार नाही. तेव्हा तुमचं बोलणं खरं करायला आले आहे. दुसरं काही खरं सांगायचं ठरवलंत की कळवा, मी यायची थांबेन."

मॉपवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसायच्या, आणि उठताना सिंकला धरून उठायच्या. ते गुडघे चांगले नव्हते हे मला माहीत होतं. आता मी लगेच मीनलताईंना फोन केला असेल असं वाचकांना वाटेल. मी नाही केला. एक फोन करायचा, दोन वाक्यं बोलायची, आणि शहात्तर वर्षांची माझी शिक्षिका माझ्या घरी गुडघे टेकणं थांबवणार. मी तीन गुरुवार तो फोन केला नाही. तीन गुरुवार मी त्यांच्यासाठी आल्याचा चहा मात्र उत्तम केला.

मार्गशीर्ष चालू होता. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाचं हळदीकुंकू माझ्याकडे, चार वाजता. किचनच्या कोपऱ्यात मी महालक्ष्मीचा घट मांडला होता. मिस पर्लनी तो पाहून विचारलं, "देव येणार आहे का आज?" मी हो म्हटलं. "मग कपाटाखालूनही पुसायला हवं," असं म्हणून त्या खाली बसल्या. हळूहळू सात बायका आल्या, पैठण्या सावरत खुर्च्यांवर बसल्या. इंग्लंडातल्या डिसेंबरात पैठणीवर कार्डिगन घालावं लागतं, पण हौसेला मोल नाही.

मीनलताईंनी फरशीकडे कौतुकानं बघितलं. "वैजू, काय छान करते गं ही! मंडेला मला दे ना हिला."

दे ना हिला. मिस पर्लना मराठीचा एक शब्दही समजत नव्हता, पण त्या हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. अर्ज पाठवायला चार दिवस उरले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला अर्ज आठवला नाही. त्यांचे ते सुजलेले गुडघे माझ्या फरशीवर टेकलेले दिसले, आणि ते तिथे मी आणून ठेवले होते. मला स्वतःची किळस आली.

"ह्या मोलकरीण नाहीत," मी म्हणाले. "ह्या माझ्या शिक्षिका आहेत. मी ह्यांच्या चर्चच्या कॉलेजात शिकते. बाजारात मी खोटं बोलले, कारण ह्या काळ्या आहेत आणि तुमच्यासमोर ह्यांची ओळख सांगायची मला लाज वाटली." मग तेच सगळं इंग्रजीत म्हणाले, कारण ते ज्यांना ऐकवायचं होतं त्या खाली बसल्या होत्या.

सात बायका एकदम घटाकडे बघू लागल्या. लक्ष्मी काहीतरी बोलेल अशी बहुधा अपेक्षा असावी.

मिस पर्ल सिंक धरून उठल्या. मी त्यांना खुर्ची पुढे केली, ओटीचा नारळ हातात घेतला. मनात म्हटलं, आता त्या मला जवळ घेतील, दोघींचे डोळे भरून येतील. त्यांनी एप्रन सोडला, घडी केली आणि कोट घातला.

"धन्यवाद, मिसेस देवस्थळी. पत्र मी उद्या टाकते," त्या म्हणाल्या. "अर्धी फरशी राहिली आहे. मला सहाला वर्ग आहे."

आणि ओलं फडकं माझ्या हातात देऊन त्या गेल्या. नारळ तसाच राहिला. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या तोवर आमच्यात या विषयावर पुन्हा एक शब्दही निघाला नाही. पत्रात त्यांनी काय लिहिलं होतं, तेही मला कधी कळलं नाही; मी नर्स झाले, एवढंच.

त्या दिवशी मी पैठणीचा पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसले. पुसत पुसत मी मीनलताईंच्या खुर्चीपाशी आले. त्यांनी मुकाट्यानं पाय वर घेतले, आणि मी खालचं पुसून पुढे सरकले.